दोड्डप्पांनी तपासलेली वाक्यं

आमच्या घरी नवा माणूस आला आणि त्याने कॉफीला नाही म्हटलं, तर दोड्डप्पा समजायचे की हा काहीतरी लपवतोय. हो म्हटलं, तर समजायचे की याला काहीतरी हवंय. दोड्डप्पा म्हणजे माझ्या वडिलांचे थोरले भाऊ. आमचं घराणं बेंगळुरात इतक्या पिढ्या राहिलेलं, की मोठे काका कधी दोड्डप्पा झाले, आई कधी अम्मा झाली आणि वडील कधी अण्णा झाले, ते कुणाच्या ध्यानातही आलं नाही. संशय मात्र आमचा अस्सल घरचा होता. तो दोड्डप्पांकडून माझ्यात पुरेपूर उतरला आहे. आजही दारावरचा कुरिअरवाला जरा जास्त हसून बोलला, की मी पाकीट उघडण्याआधी उजेडात धरून बघते. लेक म्हणते, अम्मा, त्यात माझी चप्पल आहे. असेलही. बघायला काय जातं?

तेव्हा आम्ही मल्लेश्वरमला राहायचो. खालच्या पुढच्या खोलीत दोड्डप्पांचा टायपिंगचा क्लास होता आणि वर आम्ही. सकाळी डोळे उघडायच्या आधी कानात खडखडाट शिरायचा. नवी मुलं ए एस डी एफ, ए एस डी एफ करत बोटं बसवायची आणि त्या ठेक्यावर अम्मा वर कॉफीचं फिल्टर थोपटायची. पाहुणा दोन मिनिटांत बेजार व्हायचा. आम्हाला मात्र रविवारीच झोप लागायची नाही, कारण खाली सगळं गप्प असायचं. दुपारी क्लास सुटला की लोक ॲफिडेव्हिट टाइप करून घ्यायला यायचे. कुणाला नाव बदलायचं असायचं, कुणाचं रेशनकार्ड हरवलेलं असायचं. दोड्डप्पा कागद चढवायच्या आधी समोरच्याकडे चष्म्यावरून बघून विचारायचे, “खरंच हरवलं ना?” तो बिचारा गडबडायचा. तो गडबडला, की दोड्डप्पांची खात्री पटायची.

मुलांना टायपिंग शिकवायची ती माझी आत्या, सुमित्रा. आई-वडील लवकर गेले, दोड्डप्पांची बायको दोड्डम्माही फार दिवस राहिली नाही, म्हणून धाकट्या भावाला आणि बहिणीला दोड्डप्पांनीच वाढवलं. आत्या दाराकडे बघत मुलांना सूचना देत राहायची आणि हात आपले टाइप करत राहायचे. आमच्या घरात ती सगळ्यांत कमी बोलणारी होती. आम्ही त्याचा अर्थ असा लावला होता, की तिला काही सांगायचं नाही.

तिच्या लग्नाचं वय उलटत चाललं होतं, आणि याला ती कारण नव्हती. दावणगेरेचं एक स्थळ आलं, त्यांनी दोड्डप्पांच्या सगळ्या अटी एका बैठकीत मान्य केल्या. एवढ्या लवकर हो म्हणतात म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय, असं म्हणून ते स्थळ गेलं. मग होसूरचा एक मुलगा आला. उंच, सावळा, जाताना स्वतःची बशी स्वतः उचलून आत नेऊन ठेवणारा. दोड्डप्पा बस पकडून होसूरला गेले, त्याच्या गल्लीतल्या पानवाल्याशी गप्पा मारून आले. पानवाला मुलाबद्दल फारच चांगलं बोलला. “पानवाला इतकं चांगलं कधी कुणाबद्दल बोलतो का?” दोड्डप्पा म्हणाले. “पढवलेला होता.” तेही स्थळ गेलं. अण्णांना मोठ्या भावापुढे बोलायची सवय नव्हती आणि अम्माला बोलून उपयोग नसतो हे ठाऊक होतं. आत्या खाली जाऊन टाइप करत बसली. क्लास सुटलेला असतानाही ती कधी कधी अशी बसायची आणि खालून नुसतं ए एस डी एफ ऐकू यायचं. अम्मा म्हणायची, बघा, किती शांत आहे.

माझ्या शाळेत इंग्रजीला इंदिरा मिस होत्या. बुटक्या, खादीची साडी, आणि खडू संपत आला तरी टाकायच्या नाहीत. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्या फळ्यावर इंग्रजीतले रोजच्या वापरातले चार-पाच शब्द लिहायच्या आणि महिनाभर आम्ही ते वाक्यांत वापरायचे. बाकीच्या मिसना कसलंही वाक्य चालायचं. राजा जंगलात गेला, सूर्य पूर्वेला उगवतो. इंदिरा मिसची अट अशी, की वाक्य तुमच्या घरातलं पाहिजे आणि खरं पाहिजे. आणि वाचून झालं की विचारायच्या, “हे तुला कसं ठाऊक?” माझ्यासारख्या घरातून आलेल्या मुलीला त्यात काही वावगं वाटलं नाही. बाकीच्या मुली रडकुंडीला यायच्या.

एका सोमवारी शब्द आले, ‘ॲज फार ॲज आय नो’. माझ्या माहितीप्रमाणे, मला ठाऊक आहे तिथवर. मी उत्साहाने पहिलंच वाक्य केलं, की ॲज फार ॲज आय नो, माझं नाव विमला आहे. मिस म्हणाल्या, “म्हणजे दुसरंही असू शकतं?” सगळा वर्ग हसला. मग त्यांनी खडूचा तुकडा खाली ठेवला आणि नीट समजावलं. जे पक्कं ठाऊक आहे तिथे हे शब्द लावायचे नाहीत. जे मुळीच ठाऊक नाही तिथेही लावायचे नाहीत. आधी स्वतः जाऊन बघायचं, विचारायचं, आणि सगळं विचारून झाल्यावरही आपल्याला न कळलेलं काही उरलं असेल असं वाटलं, तर मग लावायचे. पुढचं वाक्य मी केलं, की ॲज फार ॲज आय नो, आमच्या दोड्डप्पांना पाहुण्यांसमोर साखर कमी लागते आणि एकटे असताना जास्त. मी स्वतः बघितलं होतं. मिसनी बरोबरची मोठी खूण केली आणि मी ती घरी सगळ्यांना दाखवली. चार दिवसांनी कोलारचं स्थळ आलं नसतं, तर गोष्ट तिथेच संपली असती.

इथे मला आमच्या शेजारच्या फ्लॅटमधल्या पुण्याच्या मुलीची आठवण होते. आता मी लेकीकडे इलेक्ट्रॉनिक सिटीत राहते आणि ही मुलगी संध्याकाळी माझ्याशी मराठी बोलायला येते. मी ‘जरा थांब’ऐवजी ‘स्वल्प थांब’ म्हटलं की तिला गंमत वाटते. ती सांगत होती, ऑफिसात आता हे शब्द कुणी पुरते लिहीतही नाही, नुसती पहिली अक्षरं लिहितात. कधी लिहितात, विचारलं तर म्हणाली, “चेक करायचा कंटाळा आला ना आजी, की.” माझ्या मनात आलं, इंदिरा मिसच्या हाती ही पोरं लागायला हवी होती.

तर कोलारचं स्थळ. मुलगा तिथल्या शाळेत गणित शिकवायचा, आई आणि तो, एवढंच घर. रीतसर बघून गेले. मुलाने आत्याला विचारलं, मिनिटाला किती शब्द टाइप करता, आणि आत्याने उत्तर दिल्यावर तो खरोखर चकित झाला. दोड्डप्पांना यात अजून काही सापडलं नव्हतं, म्हणून ते अस्वस्थ होते. आणि मग अम्माला देवळात कुणीतरी सांगितलं, की मुलाची आई ही आमच्या विमलाच्या इंदिरा मिसची मावसबहीण. अम्माने आनंदाने येऊन सांगितलं, ओळखीचं निघालं म्हणून. दोड्डप्पांच्या हातातला कॉफीचा पेला हातातच राहिला.

“वही आण,” ते मला म्हणाले.

ॲज फार ॲज आय नो या शब्दांशी त्यांची जुनी ओळख होती. त्यांच्या इंग्रजीत गोष्ट नव्हती, गाणं नव्हतं, नुसती शपथपत्रं होती. ज्याला खोटं सांगायचंय पण अडकायचं नाही तो ‘माझ्या माहितीप्रमाणे’ असं लिहून घेतो, हे त्यांनी जन्मभर पाहिलं होतं. घरातल्या मुलीच्या हस्ताक्षरात, घरातल्या माणसांबद्दल, त्याच शब्दांनी सुरू होणारी वाक्यं बघून त्यांना घाम फुटला. माझा अभ्यास त्यांच्या लेखी जबानी झाला. मिस सुम्ने, उगाच विचारत नाहीत, म्हणाले. मुलीकडून घरचं सगळं लिहून घेतात आणि तिकडे कोलारला पोचवतात. “साखरेचंसुद्धा गेलं,” ते अण्णांना म्हणाले. थोरल्या भावाला अण्णा आणि आत्या अण्णय्या म्हणायचे. अण्णांनी भीत भीत सांगितलं, की अण्णय्या, हा धडा तर स्थळ यायच्या आधीचा आहे. तर म्हणे, आधीपासूनच तयारी चालली होती. दोन आणि दोन पाच करण्यात आमच्या दोड्डप्पांचा हात कुणी धरला नसता.

खरं सांगायचं तर मलाही ते पटलं. मी वर्गात मिसकडे टक लावून बघू लागले. त्या माझ्याकडे बघून हसल्या की मी वही झाकायची, दुसऱ्या मुलीकडे बघून हसल्या की वाटायचं, मुद्दाम माझ्याकडे बघत नाहीत. घरी नियम झाला, की माझं प्रत्येक वाक्य दोड्डप्पांनी तपासल्याशिवाय शाळेत जायचं नाही. रोज संध्याकाळी मी खाली त्यांच्या टेबलाशी उभी राहायची. ते माझं वाक्य वाचायचे, पेनाने खोडायचे आणि दुसरं सांगायचे. ॲज फार ॲज आय नो, आमच्या घरात कधी भांडण होत नाही. ॲज फार ॲज आय नो, माझ्या आत्याच्या हातची हुळी सगळ्यांना आवडते. हुळी म्हणजे आमच्याकडचं सांबार. पलीकडे आत्या टाइपरायटरवर कापड घालत असायची. एकदा फक्त म्हणाली, “हुळी हिची अम्मा करते.” दोड्डप्पांनी ऐकलं नाही, किंवा ऐकून सोडून दिलं.

त्या आठवड्यात अम्मा रात्रीचं जेवण वाढताना अण्णांना हळूच म्हणाली, की हे स्थळ गेलं तर आता दुसरं येणार नाही. मी भात कालवत होते. मला पहिल्यांदाच कळलं, की या वाक्यांच्या खेळात पणाला काय लागलंय.

शुक्रवारी दोड्डप्पांनी त्यांच्या मते सगळ्यांत हुशारीचं वाक्य सांगितलं. मुलीकडचे लग्नाला हपापलेले आहेत असं कोलारला वाटू नये, म्हणून. ॲज फार ॲज आय नो, माझी आत्या माहेरी अतिशय सुखात आहे आणि तिला लग्नाची घाई नाही. मी ते वळणदार अक्षरात काढलं. शनिवारी मिसनी ते वाचलं. नेहमीसारखं वर्गासमोर न विचारता मला टेबलाजवळ बोलावलं.

“हे आत्याने तुला सांगितलं?”

मी म्हटलं, नाही.

“तू विचारलंस तिला?”

नाही.

“मग इथे हे शब्द चालायचे नाहीत,” मिस म्हणाल्या. “विचारून ये. मग लिही.”

आज इतक्या वर्षांनी मी त्या क्षणाकडे पुन्हा पुन्हा बघते. त्या आवाजात फक्त शिक्षिका होती, की मावसबहीणही होती? पुढे त्या आमच्या नात्यात आल्यावर एका बारशाला मी धीर करून त्यांना विचारलंसुद्धा, की मिस, तेव्हा तुम्ही खरंच व्याकरणाचं बोलत होता का? त्यांनी माझ्या हातावर म्हैसूरपाक ठेवला आणि म्हणाल्या, खा. आता याला उत्तर म्हणायचं का?

मिसनी विचारून यायला सांगितलं त्याच्या दुसऱ्याच दिवशी रविवार होता. थंडीचे दिवस, अवरेकाई, म्हणजे पावट्याच्या शेंगा, बाजारात भरून आलेल्या, आणि आमच्याकडे त्या दिवसांत हितकबेळेचं सारू, सोललेल्या दाण्यांची आमटी, म्हणजे सणच. रात्रभर भिजवलेले अवऱ्याचे दाणे परातीत घेऊन सगळ्यांनी गोल बसायचं, एकेक दाणा चिमटीत धरून दाबायचा, की साल हातात राहते आणि आतला हिरवा दाणा टुणकन परातीत पडतो. बोटांना त्या दाण्यांचा वास दोन दिवस राहतो. अम्मा, अण्णा, आत्या आणि मी बसलो होतो. दोड्डप्पाही होते, पण त्यांच्याकडून काम होत नसे, कारण ते प्रत्येक दाणा किडका नाही ना, म्हणून खिडकीकडे धरून बघायचे. विषय कोलारचाच होता. दोड्डप्पा सांगत होते, की नको म्हणून कळवून टाकू, ज्या घरात मास्तरीण हेरगिरी करते तिथे आपली मुलगी द्यायची नाही. अण्णा मान खाली घालून दाणे सोलत होते.

मला दुसऱ्या दिवशीच्या गृहपाठाची काळजी होती. मी म्हटलं, “आत्या, तुला हे लग्न करायचंय का? मिसनी विचारून यायला सांगितलंय.”

दोड्डप्पा जवळजवळ उठलेच. “बघा,” ते म्हणाले, “बघा, म्हटलं नव्हतं मी? आता तोंडानेच विचारून घेतायत.” अम्माने माझ्या दंडाला चिमटा काढला. अण्णा पुटपुटले, जाऊ दे, लहान आहे. सगळे माझ्याकडे बघत होते, म्हणून आत्याकडे कुणाचं लक्ष नव्हतं. माझं होतं, कारण मला उत्तर हवं होतं.

आत्याने हातातला दाणा सोलून परातीत टाकला.

“हो,” ती म्हणाली. “करायचंय.”

मग दुसरा दाणा घेतला. “होसूरचंही करायचं होतं.”

ती रागावली नव्हती. क्लासमधल्या मुलांना चूक दाखवायची त्याच आवाजात बोलली होती. पण आमच्या घरात अशी शांतता मी रविवारीही कधी ऐकली नव्हती. अम्माचे डोळे भरले आणि तिने ओल्या हातानेच ते पुसले. अण्णा इतका वेळ खाली बघत होते, ते आता वर बघेनात. मला रडू आलं, आणि ते का आलं हे तेव्हा मला सांगता आलं नसतं. आता सांगता येतं. एवढं सगळं तिच्या आत होतं, आणि ते बाहेर यायला कुणीतरी विचारण्यापलीकडे काही लागत नव्हतं. आम्ही पानवाल्याला विचारलं होतं.

दोड्डप्पांनी खिडकीकडे धरलेला दाणा खाली ठेवला. “मला सांगायचंस की,” ते बहिणीला म्हणाले. आवाज त्यांचा वाटत नव्हता.

“विचारायचंत की, अण्णय्या,” आत्या म्हणाली.

सारू त्या दिवशी छान झालं होतं, पण कुणी दुसऱ्यांदा वाढून घेतलं नाही. संध्याकाळी मी वाक्य लिहिलं आणि नियम होता म्हणून खाली दोड्डप्पांकडे नेलं. ॲज फार ॲज आय नो, माझ्या आत्याला हे लग्न करायचं आहे आणि आजवर आम्ही तिला विचारलं नव्हतं. त्यांनी चष्मा पुसला आणि वाचलं. टोपण काढून पेन वाक्यावर धरलं, आणि मला वाटलं, आता खोडणार. मग पेन बंद करून त्यांनी वही माझ्याकडे सरकवली.

“बरोबर आहे,” म्हणाले. “असंच जाऊ दे.”

सकाळी क्लास आत्यावर सोपवून त्यांनी कोट घातला आणि पहिल्या बसने कोलार गाठलं. दिवसभर अम्माचं कामात लक्ष नव्हतं. तिने दोनदा दूध उतू घालवलं. दिवेलागणीला दोड्डप्पा परत आले, पाय धुतले, खुर्चीत बसले. आत्या क्लास आवरून वर आली होती, तिने कॉफी आणली आणि तिथेच उभी राहिली. माणसं कशी आहेत, असं अम्माने विचारलं. त्यांनी कॉफी घेतली, थंड होऊ दिली. मग सांगू लागले. मुलाच्या शाळेत गेलो, शिपायाशी बोललो. घरमालकाशी बोललो. मुलाच्या आईने जेवायला वाढलं, जेवलो. कोपऱ्यावर पानाचं दुकान होतं, तिथेही विचारलं.

“मग?” अण्णांनी विचारलं.

“चांगलं बोलला,” दोड्डप्पा म्हणाले.

अम्माने माझा हात घट्ट धरला. दोड्डप्पा पेल्यात बघत होते. मला वाटतं, त्या क्षणी त्यांच्या मनात शंकांची रांग लागली असेल, आणि ते एकेकीला मागे सारत असतील. त्यांच्या कपाळावर घाम होता.

“माणसं चांगली आहेत,” ते शेवटी म्हणाले, आणि स्वल्प थांबून, बहिणीकडे बघून, “ॲज फार ॲज आय नो.”

“सरी, ठीक आहे, अण्णय्या,” आत्या म्हणाली. “तेवढं पुरे मला.”